प्रेशरचं बटण

"प्रेशरचं बटण कुठंय?" डीडींनी विचारलं.

मला वाटलं, स्क्रीनबद्दल काहीतरी म्हणताहेत. मी विचारलं, "कसलं प्रेशर, सर?"

"या माणसावर टाकायचं." त्यांनी स्क्रीनवरच्या सॅमकडे बोट केलं. "फारच आरामात बसलाय हा. खुर्ची आहे, पाणी आहे, वकिलाला बोलावायचंय का हेसुद्धा तुम्हीच त्याला विचारताय. असा माणूस कबूल कसा व्हायचा?"

सॅम हा माणूस नाही. ते आमचं सॉफ्टवेअर आहे. चांगी विमानतळाजवळच्या बिझनेस पार्कमधली आमची छोटी कंपनी सिम्युलेशन बनवते. सिम्युलेशन म्हणजे खोटा प्रसंग उभा करून खरं काम शिकवणं. बँकेच्या कॉल सेंटरमधल्या मुलांना खरा संतापलेला ग्राहक मिळायच्या आधी आम्ही एक खोटा संतापलेला ग्राहक देतो. त्याच्यावर हात बसला की मग खऱ्याकडे पाठवायचं. मी तिथे प्रॉडक्ट मॅनेजर आहे. क्लायंटला काय हवंय ते समजून घेऊन लिहायचं, डेव्हलपरकडून करून घ्यायचं आणि दोघांचं भांडण झालं की मध्ये उभं राहायचं, असं ते काम.

या वेळचा क्लायंट वेगळा होता. शेजारच्या एका देशाची पोलीस अकादमी. देशाचं नाव सांगत नाही, तसं सही करून दिलंय. डीडी म्हणजे तिथले डेप्युटी डायरेक्टर. त्यांचं पूर्ण नाव लांबलचक होतं, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, "मला डीडी म्हणा, घरीसुद्धा तसंच म्हणतात." निवृत्तीला आलेले, मिशाळ, मोठ्यांदा हसणारे गृहस्थ. त्यांच्याबरोबर इन्स्पेक्टर लीना होती, अकादमीत चौकशीचं तंत्र शिकवणारी. ती कमी बोलायची आणि वहीत बरंच काही लिहायची.

प्रोजेक्ट साधा वाटत होता. छळाला बंदी घालणारा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. जगातल्या बहुतेक देशांनी त्यावर सही केलीय, या देशानेही. त्या कराराची एक गोष्ट मला काम करताना पहिल्यांदा कळली. त्यात 'पण' नाही. बाकीच्या कायद्यांत कुठे ना कुठे पळवाट असते. इथे युद्ध असो, आणीबाणी असो, वरिष्ठांचा हुकूम असो, कुठलीच सबब चालत नाही. आणि छळ करून मिळवलेला जबाब कोर्टात त्या माणसाविरुद्ध वापरता येत नाही. आता सही तर केली, पण ठाण्यावरच्या फौजदाराने मग करायचं काय? मारू नको म्हटलं की तो विचारणार, मग बोलतं कसं करू? त्याचं उत्तर म्हणून जगभरच्या तज्ज्ञांनी मुलाखतीची एक पद्धत मांडली. आधी माणसाला त्याचे हक्क सांगायचे. घाई करायची नाही. मोकळा प्रश्न विचारायचा आणि ऐकायचं. सांगितलेलं पडताळून बघायचं. हे शिकवण्यासाठी आमचा सॅम.

सॅमवर दुकानातून लॅपटॉप चोरल्याचा संशय असतो. शिकणारा त्याच्याशी बोलतो. सॅमने चोरी केलीय की नाही, हे प्रत्येक खेपेला संगणक ठरवतो, शिकणाऱ्याला माहीत नसतं. नीट विचारलं तर सॅम बरंच सांगतो. मध्येच तोडलं तर आक्रसतो.

आणि डीडींना त्यात बटण हवं होतं.

"मारहाण नको," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "छळ तर नकोच. फक्त प्रेशर. थोडा वेळ उभा ठेवायचा. पाणी नंतर. आवाज चढवायचा. बायकोलाही उचलून आणू असं नुसतं म्हणायचं, आणायचं नाही. आणि जो लवकर कबुली मिळवेल त्याला जास्त गुण."

लीना वहीत बघत होती. मी आमच्या बॉसकडे, कोहकडे, बघितलं. कोह हसून म्हणाला, "कॅन, कॅन. उद्या सकाळी दाखवतो."

कोह इथलाच; 'कॅन' म्हणजे जमेल, आणि वाक्याच्या शेवटी 'लाह' लावायची इथली सवय. माणूस चांगला, पण क्लायंटला 'नाही' म्हणायची वेळ आली की त्याला जोराची तहान लागते आणि तो पाणी आणायला जातो. पाहुणे हॉटेलवर गेल्यावर मी त्याला पँट्रीत गाठलं.

"कोह, हे आपण करू शकत नाही."

"का? निखिल म्हणतो अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"काम अर्ध्या दिवसाचं आहे. पण छळ कसा करू नये हे शिकवायच्या सॉफ्टवेअरमध्ये छळाचं बटण घालायचं?"

"क्लायंट सांगतो, आपण करतो, लाह."

"वरून हुकूम होता ही सबब करारात चालत नाही."

"ते पोलिसांसाठी. सॉफ्टवेअर व्हेंडरसाठी नाही." मग त्याने ग्लास खाली ठेवला आणि जरा खऱ्या आवाजात म्हणाला, "सुजाता, हे आपलं पहिलं सरकारी काम आहे. हे हातचं गेलं, तर पुन्हा बँकांचे संतापलेले ग्राहक. मला त्यांचा कंटाळा आलाय."

कंटाळा मलाही आला होता. क्वीन्सटाउनहून चांगीपर्यंत रोज एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, येताना, आपण करतोय त्याचा कोणालातरी उपयोग होईल असं या प्रोजेक्टमध्ये पहिल्यांदाच वाटत होतं. म्हणून तर ते बटण मला जास्त खुपत होतं.

निखिल हा आमचा डेव्हलपर. पुण्याचा, सिंहगड रोडचा. हुशार, अबोल, कोणी जरा मोठ्याने बोललं की कान लाल होणारा. तो म्हणाला, "ताई, एक करता येईल. बटण देऊ. पण दाबल्यावर खरंच जे होतं तेच दाखवू."

"म्हणजे?"

"सॅमच्या डोक्यात दोन कप्पे करतो. एकात त्याला काय आठवतंय ते. दुसऱ्यात समोरच्याला काय ऐकायचंय ते. प्रेशर वाढलं की तो पहिल्यातून बोलायचा थांबेल आणि दुसऱ्यातून बोलायला लागेल."

मला कल्पना आवडली. लीनाने दिलेल्या वाचनात नेमकं तेच होतं. दबावाखाली माणूस बोलतो, पण खरं बोलतोच असं नाही. शिवाय झोप नाही, भीती, उभं राहणं, यांनी खरं बोलू पाहणाऱ्याचीही आठवण बिघडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डीडी आले ते हातात पिशवी नाचवत. हॉटेलशेजारच्या दुकानातून नातीसाठी पाणमांजराचं मऊ खेळणं घेतलं होतं. इथल्या नद्या-कालव्यांत पाणमांजरं आहेत आणि ती साऱ्या शहराची लाडकी आहेत. डीडींनी ते बाहेर काढलं, सगळ्यांना दाखवलं, मीटिंग रूमच्या टेबलावर सॅमच्या स्क्रीनसमोर बसवलं आणि म्हणाले, "हा आमचा निरीक्षक." संध्याकाळी त्यांचं विमान होतं.

मग बटण. डीडींनी खूश होऊन दाबलं. पुन्हा दाबलं. सॅमने चोरी कबूल केली. डीडी जिंकल्यासारखे आमच्याकडे बघायला लागले. मग त्यांना काय लहर आली कोण जाणे, त्यांनी सॅमला विचारलं, "आणि शेजारच्या दुकानातली चोरीही तूच केलीस?" सॅम म्हणाला, हो. "आणि मागच्या वर्षीची?" हो. "आणि विमानतळावरचं विमानही तूच पळवलंस?" सॅम म्हणाला, "हो साहेब, कुठलं विमान?"

कोहला हसू आवरेना. निखिलने स्क्रीनवर खरी हकिकत उघडली. या खेपेचा सॅम निर्दोष होता.

डीडी मात्र हसले नाहीत. खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "ही लबाडी आहे. तुम्हीच मशीनला खोटं बोलायला शिकवलंत, म्हणून ते खोटं बोलतंय. खरा माणूस असा नसतो. निर्दोष माणूस कशाला कबूल होईल? मी आयुष्य घालवलंय यात."

सॅम जे बोलतो ते आम्हीच लिहिलेलं असतं, हे खरंच होतं. लीना एवढंच म्हणाली, "सर, अभ्यास झालेत यावर." डीडी म्हणाले, "अभ्यास करणाऱ्यांना कधी चोर भेटलेत?"

कोह उठला आणि म्हणाला, "चला, जेवू या." पाण्याचा ग्लास पुरला नाही, की तो जेवणापर्यंत जातो.

दोन टॅक्सी करून आम्ही ईस्ट कोस्टला समुद्राकाठच्या हॉकर सेंटरला गेलो; पहिलीत डीडी एकटेच ऐसपैस बसले. हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली खाण्याचे खूप स्टॉल आणि मध्ये सगळ्यांसाठी टेबलं. निखिल आला नाही. त्याने डबा आणला होता आणि त्याला काहीतरी दुरुस्त करायचं होतं. जेवताना डीडींचा राग गेला. काडीवर भाजलेलं सॅटे आवडलं, उसाचा रस आवडला. कामाचं कोणी बोललं नाही. परत येताना कोहने माझ्या कानात सांगितलं, "दुपारी साधं बटण देऊन टाक. विमान नको."



मीटिंग रूममध्ये शिरल्याबरोबर डीडी थबकले. टेबलावर पाणमांजर नव्हतं. पिशवीही नव्हती.

आधी सगळ्यांनी टेबलाखाली वाकून बघितलं. मग कपाटामागे. डीडी म्हणाले, "मी इथेच ठेवलं होतं. तुम्ही सगळ्यांनी बघितलं." ते खरंच होतं, बघितलं होतं. मी रिसेप्शनवर विचारायला गेले. कोणी बाहेरचं आलं नव्हतं. सफाईवाल्या आंटी त्या खोलीत गेल्याच नव्हत्या. जेवणाच्या वेळात त्या बाजूला होता फक्त निखिल.

मी परत आले तेव्हा मीटिंग रूमच्या काचेच्या दारातून दिसलं की निखिल भिंतीला टेकून उभा आहे आणि डीडी त्याच्या अगदी समोर. मला वाटलं, रोल-प्ले चाललाय. सॅमऐवजी खरा माणूस घेऊन डीडी काहीतरी दाखवताहेत. मी हसतच दार उघडलं.

"तू एकटाच होतास."

"हो सर, पण..."

"हो की नाही?"

"हो."

"निळी पिशवी होती. टेबलावर. तू बघितलीस."

"बघितली असेल..."

"असेल? बघितलीस की नाही? लहान मुलीचं खेळणं आहे ते! तुला वाटलं गंमत करू. हलवलीस."

"मी चार्जर शोधत होतो, सर, तेव्हा..."

"तेव्हा हलवलीस. इथे पोलीस बोलावू? कामाच्या पासवर आहेस ना तू या देशात?"

कोह कोपऱ्यात उभा होता. चेहऱ्यावर अर्धवट हसू तसंच राहिलेलं, त्याचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. लीना खोलीत नव्हती.

"हलवली असेन, सर," निखिल म्हणाला.

"कुठे ठेवलीस?"

"माझ्या डेस्कखाली."

डीडी झपाट्याने बाहेर गेले, डेस्कखाली बघून परत आले. "नाही तिथे."

"मग पँट्रीत. पँट्रीत ठेवली बहुतेक."

"कुठे, पँट्रीत कुठे?"

"फ्रिजवर," निखिल म्हणाला. मग माझ्याकडे बघून एकदम मराठीत, "ताई, मी नाही हो घेतली."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा रोल-प्ले नाही. निखिलचे कान लाल नव्हते. पांढरे पडले होते.

"पुरे," मी म्हणाले. माझा आवाज बराच मोठा आला असावा, कारण बाहेरच्या मुली उभ्या राहिल्या. "डीडी सर, हा आमचा माणूस आहे. याला असं कोणी विचारायचं नाही. तुम्हाला पोलीस बोलवायचे असतील तर जरूर बोलवा, मीच फोन लावून देते."

"पण त्याने कबूल केलंय!" डीडी म्हणाले. त्यांना मनापासून आश्चर्य वाटत होतं. "तुम्ही ऐकलंत!"

मी निखिलला बाहेर नेलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. फ्रिजवर अर्थातच काही नव्हतं.

"अरे, मग हो कशाला म्हणालास?"

"ते थांबतच नव्हते. मला वाटलं, हो म्हटलं की संपेल, मग सावकाश शोधू. पासचं रिन्युअल पण आहे माझं." त्याने ग्लास खाली ठेवला. "आणि ताई, खरं सांगू? एकदा मलाच वाटलं, की चार्जर काढताना मी उचलून ठेवली असेल का कुठे? ते इतक्या खात्रीने सांगत होते, की मला ती पिशवी माझ्या हातात दिसायला लागली."

सॅमचे दोन कप्पे याच मुलाने आदल्या दिवशी बनवले होते.

मी परत आत गेले तेव्हा लीना आली होती. काय झालं ते कोहने तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "सर, मी तुमची मुलाखत घेऊ? नव्या पद्धतीने?"

"माझी? मी तर फिर्यादी आहे!"

"फिर्यादीचीसुद्धा घ्यायची असते. मीच शिकवते."

डीडी कुरकुरत बसले. लीनाने खुर्ची त्यांच्या समोरून काढून तिरकी ठेवली. त्यांच्यासाठी चहा मागवला. म्हणाली, "सर, घाई नाही. नको वाटलं तर कधीही थांबू. सकाळी पिशवी हातात घेतलीत तिथपासून सगळं सांगा. बिनमहत्त्वाचं वाटलं तरी सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

आणि खरंच बोलली नाही. डीडींनी दुकान सांगितलं. दुकानातली पोरगी कशी हसली ते सांगितलं. ऑफिस, टेबल, सॅम, विमान. मग ते थांबले. मला वाटलं, संपलं. मी तोंड उघडणार होते, लीनाने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी गप्प. त्या शांततेत एसीचा आवाज ऐकू यायला लागला.

"मग टॅक्सीत बसलो," डीडी म्हणाले. "पुढे. टॅक्सीत नातीचा व्हिडिओ कॉल आला. तिला म्हटलं, बघ तुझ्यासाठी काय..."

त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"तिला खेळणं दाखवलं," ते हळू म्हणाले. "टॅक्सीत."

लीना अजूनही काही म्हणाली नाही.

"म्हणजे पिशवी माझ्याबरोबर होती. उतरलो. तुम्ही सगळे स्टॉलकडे गेलात. मिस्टर कोह मला म्हणाले, टेबल चोप करा."

चोप करणं म्हणजे जागा धरणं. इथे टेबलावर रुमालांचं पाकीट नाहीतर छत्री ठेवली, की ते टेबल तुमचं. कोणी हात लावत नाही.

"माझ्याकडे रुमाल नव्हता. म्हणून मी... झाडाजवळच्या टेबलावर पिशवी ठेवली. मग त्यांनीच हाक मारली, की पंख्याखाली चांगली जागा मिळालीय, इकडे या."

कोहने कपाळावर हात मारून घेतला.

"आणि पिशवी निळी नव्हती," डीडी म्हणाले. "हिरवी होती. निळी बायकोच्या भेटवस्तूची. ती हॉटेलवर आहे."

ते उठले, बाहेर निखिलच्या डेस्कपाशी गेले आणि ताठ उभे राहिले. सगळं ऑफिस बघत होतं. त्यांनी आवाज खाली आणला नाही. "मी चुकलो. तू काही केलेलं नव्हतंस. तुला यायचं असेल तर माझ्याबरोबर शोधायला ये. नसेल यायचं तरी चालेल." निखिलने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. तो गेला.

पुढचं मला निखिलनेच सांगितलं. झाडाजवळच्या टेबलावर एक वयस्क जोडपं अगदी एका कडेला अंग चोरून बसलं होतं. बाकीचं टेबल रिकामं. मध्ये हिरवी पिशवी. आजोबा डीडींना म्हणाले, "अंकल, तुमची जागा तशीच आहे, लाह. आम्ही फक्त कोपरा घेतला." डीडींनी त्यांना उसाचा रस पाजला, स्वतःही प्यायले, निखिललाही पाजला. परतीच्या टॅक्सीत त्यांनी निखिलला एकच प्रश्न विचारला, "तू हो म्हणालास तेव्हा तुला काय वाटत होतं?" आणि ऑफिस येईपर्यंत एकदाही मध्ये न बोलता ऐकत राहिले. "ताई, घरीसुद्धा कोणी माझं इतका वेळ ऐकलेलं नाही," निखिल म्हणाला.

खोलीत आल्यावर डीडींनी पाणमांजर परत टेबलावर ठेवलं. सगळे हसलो. तेही हसले. मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "हे सापडलं म्हणून हा मुलगा सुटला. टेबलावर कोणी दुसरं बसलं असतं, पिशवी गेली असती, तर आज विमानात मी छातीठोकपणे सांगितलं असतं, की चोर मी पकडला." खेळणं सरळ बसवत ते म्हणाले, "फ्रिजवर ठेवली म्हणाला. मी एवढ्या वर्षांत त्या फ्रिजवर किती वेळा विश्वास ठेवला असेन, मला माहीत नाही."

कोहलासुद्धा तहान लागली नाही.

"बटण काढून टाका," डीडी म्हणाले.

"सर, ठेवू या," असं म्हणणारी लीना होती. आम्ही सगळे चकित. "निखिलने बनवलंय तसंच. दाबणाऱ्याला शेवटी विमान दिसू दे."

बराच खल झाला. शेवटी असं ठरलं, की बटण ठेवायचं नाही, कारण दिसलं की माणूस ते दाबणार आणि शिकवायचं ते वेगळंच आहे. लवकर कबुलीच्या गुणांची कल्पनाही गेली. त्याऐवजी शिकणाऱ्याने सॅमला कितीदा मध्येच तोडलं, सांगितलेल्यातलं पडताळून काय बघितलं, हक्क आधी सांगितले का, याचे गुण आले. आणि डीडींच्या हट्टाने एक नवा प्रसंग घातला, ज्यात वस्तू हरवलेली असते आणि चोर नसतोच. तो निखिलने लिहिला. त्यातल्या संशयिताला त्याचं नाव द्यायचं कोहने सुचवलं होतं, पण निखिल म्हणाला, "नको, एकदा पुरे झालं."

त्या संध्याकाळी मी घरी हे सगळं रंगवून सांगितलं. मुलगी ऐकत होती, माझी ईरा, सेकंडरी थ्रीत, म्हणजे नववीत आहे. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मम्मी, यू ऑल्सो सेम, व्हॉट. रोज विचारतेस, 'होमवर्क झालं ना?' आय जस्ट से येस, लाह." नवरा चहाच्या कपात बघत हसला. त्यालाही मी असंच काहीबाही विचारत असते.

सॅम त्या अकादमीत आता शिकवायला लागलाय. लीना अधूनमधून मेल करते. मुलांना गप्प बसणं सगळ्यात जड जातं म्हणे. पहिल्या तुकडीतले बरेचसे तिथेच नापास झाले. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने येऊन विचारलं, की यात प्रेशरचं काही का नाही? डीडींनी त्याला आपल्या केबिनमध्ये नेलं. आत काय झालं ते तिला माहीत नाही, पण तो बाहेर आला आणि नंतर त्याने विचारलं नाही. सगळं बदललंय असं ती लिहीत नाही. ठाण्यांमध्ये अजून बरंच काही चालतं, असंही लिहिते. पण वर्गात आलेले काहीजण आता ठाण्यात खुर्ची तिरकी ठेवतात, हे तिने जाऊन बघितलंय.

निखिलचं रिन्युअल नीट झालं. कोणी मोठ्याने बोललं की त्याचे कान अजून लाल होतात. पण आता तो समोरच्याला सांगतो, "सावकाश बोला, मला विचार करू द्या." हे तो कोहलाही सांगतो.

माझ्यापुरतं म्हणाल, तर मी रिक्वायरमेंटच्या मीटिंगमध्ये 'तुम्हाला असंच हवंय ना?' हे विचारणं सोडलं. त्याला सगळेच हो म्हणतात. आता मी म्हणते, "तुमचं काम कसं चालतं ते सुरुवातीपासून सांगा," आणि पेन खाली ठेवते. पहिल्यांदा क्लायंट त्याला काय आवडेल ते सांगतो. मी गप्प राहिले, की मग त्याला खरंच काय लागतं ते बाहेर येतं. कोह म्हणतो, तुझ्या मीटिंगा फार लांबतात. लांबतात खऱ्या. पण काम झाल्यावर 'हे असं नको होतं' म्हणून फोन येणं जवळजवळ थांबलंय.